दिल्लीची डोंगरधार

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून दिल्लीस आलेल्या माणसाला प्रथम उणीव भासते ती डोंगराची. पुणेकराला पर्वती, सातारकराला अजिंक्यतारा, कोल्हापूरकराला जोतिबा नजरेसमोर असल्याची लहानपणापासून सवय. येथे मात्र नजर कोठे अडतच नाही. घरी लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपल्यापैकी अनेकांनी ‘इकडे सगळे सपाट आहे’ असे कळविले असेल. ही समजूत सर्वथा खरी नाही. दिल्लीला डोंगर आहे. अरवलीची रांग गुजरातेतून निघते, राजस्थान ओलांडते आणि झिजत झिजत दिल्लीत शिरून वझिराबादजवळ यमुनेच्या काठी जमिनीत लुप्त होते. इंग्रजांनी या शेवटच्या टोकाला ‘रिज’ म्हटले आणि तेच नाव सरकारी कागदपत्रांत रूढ झाले. जुने दिल्लीकर तिला नुसते ‘पहाडी’ म्हणतात. आम्ही तिला डोंगरधार म्हणतो.

पर्वतीच्या पायऱ्या चढलेला मनुष्य तिला डोंगर म्हणण्यास राजी होणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या शहराची सारी रचना तिच्यावर उभी आहे. शहाजहानची जामा मशीद भोजला पहाडी नावाच्या खडकावर आहे आणि राष्ट्रपती भवन रायसीनाच्या टेकडीवर. दोन्ही याच डोंगरधारेची पिल्ले. सरकारी हिशेबात तिचे चार भाग केले जातात. विद्यापीठाजवळचा उत्तर भाग ८७ हेक्टरांचा, करोलबाग ते धौला कुआँपर्यंतचा मध्य भाग ८६४ हेक्टरांचा, मेहरौलीकडचा दक्षिण-मध्य भाग ६२६ हेक्टरांचा आणि तुघलकाबाद-भाटीकडचा दक्षिण भाग ६२०० हेक्टरांचा. एकूण ७७७७ हेक्टर. हा आकडा वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा. त्याची कथा पुढे यावयाची आहे.

स्मरणिकांमधून दिल्लीतील मराठ्यांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यही आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आम्ही मुद्दाम निराळा विषय घेतला. शहराने स्वतःसाठी किती जमीन मोकळी सोडावी, त्या जमिनीवर कोणते झाड असावे आणि तेथे कोणी फिरावे, हे प्रश्न आज नगररचनाकारांच्या परिषदांतून चर्चिले जातात. दिल्लीत ते सुमारे दीडशे वर्षे या एका डोंगरधारेवर प्रत्यक्ष लढले गेले. आम्ही इतिहासाचे बी. ए. आहोत, संशोधक नव्हे. परंतु नोकरीच्या निमित्ताने येथे आयुष्याची बरीच वर्षे गेली, सकाळचे फिरणे याच धारेवर झाले, आणि जे पायाखाली आहे त्याच्याविषयी वाचावे असे वाटत गेले.

रिजचा दगड क्वार्टझाइटचा, वय दीडशे कोटी वर्षांच्याही पलीकडचे. हिमालय हे या दगडापुढे कालचे पोर. हा दगड कठीण असला तरी भेगाळलेला आहे; पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली मुरते आणि उरलेले ओढ्यांनी यमुनेकडे धावते. पश्चिमेला व दक्षिणेला ही धार आणि पूर्वेला नदी, असा एक त्रिकोण होतो. दिल्ली या नावाखाली जी अनेक नगरे वसली व मोडली, ती बहुतेक सारी या त्रिकोणात. यामागे संरक्षणाचा विचार होताच; पण पाण्याचा विचार त्याहून मोठा असावा असे आमचे मत आहे. तोमरांच्या काळातील अनंगपूरचा दगडी बांध, अल्लाउद्दीन खिलजीचा हौज खास, महंमद तुघलकाच्या काळातील सातपुला, ही सारी कामे रिजवरून उतरणारे पाणी अडविण्यासाठी वा साठविण्यासाठी झाली. बारापुल्याच्या नाल्यावरून जाताना आज आपण नाकाला रुमाल लावतो; त्या नाल्याला मिळणारे कित्येक प्रवाह मूळचे या डोंगरातले ओढे आहेत. मध्ययुगीन सुलतानांना नगररचनेचे शास्त्र शिकविणारे कोणी विद्यापीठ नव्हते. पण डोंगर हा शहराचा पाणलोट आहे एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

फिरोजशहा तुघलकाने या धारेवर मन लावले ते शिकारीसाठी. उत्तर भागावर त्याचे कुश्क-ई-शिकार होते. मध्य भागातील मालचा महाल व करोलबागेजवळची भूली भटियारी ही नावेही त्याच्याच काळाशी जोडलेली आहेत. मेरठेहून आणविलेला अशोकाचा स्तंभ त्याने आपल्या शिकारगृहापाशी उभारला. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या स्फोटाने त्याचे तुकडे झाले आणि ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभा केला गेला. शिकारीसाठी रान राखावे लागते. त्यामुळे रिज राखली गेली, ती प्रथम राजाच्या छंदापायी. हाच सुलतान दिल्लीभोवती बाराशे बागा लावणारा म्हणून इतिहासकारांनी नोंदविलेला आहे, हे त्याच्या बाजूने सांगावयास हवे.

आता मराठ्यांचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. मार्च १७३७ मध्ये पहिले बाजीराव पेशवे अकस्मात दिल्लीच्या वेशीपाशी येऊन ठेपले. कालकाजीच्या देवळाच्या परिसरात त्यांचा तळ पडला आणि बादशाही फौजेशी चकमक झाली ती डोंगरधारेच्या कुशीतल्या तालकटोऱ्यापाशी. ‘ताल’ म्हणजे तळे व ‘कटोरा’ म्हणजे वाटी; डोंगराच्या वाटीत तळे आणि तळ्याभोवती मोगलांची बाग, असे ते स्थान. दिल्ली जाळावी असा पहिला विचार बाजूस ठेवून बाजीरावांनी ती राखली; आपल्या बंधूस, चिमाजी आप्पांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी यामागचा राजकारणाचा विचार मांडला आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी याच परिसरात पोहण्याचे संकुल बांधले गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियमवरच भरले. संमेलनास गेलेल्या आपल्या मंडळींपैकी किती जणांनी मागच्या झाडीकडे मान वळवून पाहिले असेल?

दुसरा संबंध उत्तर भागाचा. हिंदूराव हॉस्पिटल हे नाव दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. पण हे हिंदूराव कोण, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. ते कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाई यांचे बंधू. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर ते दिल्लीस राहिले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यावर त्याचे डोंगरावरचे प्रशस्त घर हिंदूरावांनी विकत घेतले. १८५७ चा उठाव झाला तेव्हा ते हयात नव्हते. परंतु त्यांचे घर इतिहासात शिरले ते तेव्हाच. ८ जून रोजी इंग्रज फौजेने डोंगरधार काबीज केली आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दिल्लीवर अखेरचा हल्ला चढवीपर्यंत, ती सोडली नाही. हिंदूरावांचा वाडा हे गुरख्यांच्या पलटणीचे मुख्य ठाणे होते. एका कागलकराच्या घराच्या भिंतींनी शहाजहानाबादकडून येणारे तोफगोळे झेलले, ही दैवगती म्हणावी.

या तीन महिन्यांनी डोंगराचे भवितव्य ठरविले. इंग्रजांच्या दृष्टीने उत्तर रिज हे तीर्थक्षेत्र झाले. तेथे १८६३ साली त्यांनी स्मारक उभारले. १९७२ साली त्याचे नामांतर अजितगढ असे होऊन शिलालेखातील ‘शत्रू’ कोण होते याचाही खुलासा नव्या पाटीने केला गेला. पण स्मारकाभोवतीचा डोंगर उघडाबोडका होता. शेजारी सिव्हिल लाइन्स. साहेबांच्या डोळ्यांत धूळ आणि उन्हाळ्याची धग. म्हणून १८८० नंतरच्या दशकात तेथे झाडे लावण्याचे काम हाती घेण्यात आले. मायकेल मान आणि समीक्षा सेहरावत या दोघा इतिहासकारांनी १८८३ ते १९१३ या तीस वर्षांच्या वनीकरणावर २००९ साली दीर्घ प्रबंध लिहिला आहे. त्यातून दिसते ते असे की, झाडे न वाढण्याचे कारण म्हणून सरकारी कागदपत्रे सतत एकच बोट दाखवीत राहिली: आसपासच्या गावांची गुरे. दगड कठीण, पाऊस अपुरा, निवडलेली रोपे परकी, या अडचणी होत्याच. परंतु गुराख्याला दोष देणे सोपे असते. आम्ही आयुष्यभर फायली पाहिल्या आहेत. दोष ज्याच्यावर ढकलावयाचा तो मनुष्य स्वतः टिपणी लिहू शकत नसेल, तर टिपणी फार सुबक उतरते.

१२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली. नव्या शहराच्या जागेसाठी समिती नेमली गेली. तिच्यात स्विंटन, ब्रॉडी आणि लुट्येन्स होते. जागा ठरली रायसीनाची. मालचा, रायसीना इत्यादी गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि तेथील कुळे पांगली. व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पाठीमागे जो डोंगर दिसणार होता, तो मात्र हिरवा हवा होता. चित्राला पार्श्वभूमी असावी तसा. १९१३ साली मध्य भागातील सुमारे ७९६ हेक्टरांचे क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले. येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. राखीव वनाची घोषणा होते ती सामान्यतः लाकडासाठी, क्वचित शिकारीसाठी. येथे ती झाली दृश्यासाठी. लाकूड नको, चारा नको, फक्त वाड्याच्या गच्चीवरून हिरवे दिसावे. त्याच तर्काने नव्या रस्त्यांच्या कडेलाही झाडांची निवड झाली. क्यू उद्यानात शिकून आलेल्या मस्टो यांनी लुट्येन्सच्या आराखड्याला झाडांचा देह दिला, आणि कडुलिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच यांच्या ज्या रांगांखालून आपण आज जातो त्या उभ्या राहिल्या. आषाढात जांभळांचा सडा पडतो तेव्हा लुट्येन्सचे आभार मानावे की मस्टोचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही मस्टोच्या बाजूचे आहोत.

डोंगरावर मात्र जांभूळ जगेना. तेव्हा १९१५ च्या सुमारास मेक्सिको व दक्षिण अमेरिका यांकडील एक काटेरी झाड दिल्लीत आले. दिल्लीकर त्याला ‘विलायती कीकर’ म्हणतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात तेच वेडी बाभूळ या नावाने ठाऊक आहे. पाणी नको, माती नको, गुरे पाला खात नाहीत. साहेबाला याहून सोयीचे काय असणार? शेंगा मात्र गुरे आवडीने खातात आणि बी शेणातून दूरवर पसरते. थोड्याच दशकांत डोंगर हिरवा झाला, आणि त्याखालचे मूळचे रान गुदमरले. या झाडाच्या दाट सावलीत व पाचोळ्यात इतर रोपे वर येत नाहीत. दैवाचा विनोद असा की, ज्या शमीची आपण दसऱ्याला पूजा करतो ती याच झाडाची भाऊबंद, आणि ती या भूमीतली मूळ रहिवासी. हरियाणवी लोक तिला ‘जांटी’ म्हणतात. पाहुणी आली आणि घरधनीण उंबऱ्याबाहेर गेली.

मूळचे रान कोणते होते? वनस्पतिशास्त्रज्ञ जे. के. माहेश्वरी यांचा ‘फ्लोरा ऑफ दिल्ली’ हा ग्रंथ १९६३ साली निघाला आणि प्रदीप क्रिशन यांचे ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ हे पुस्तक २००६ साली. ही पुस्तके घेऊन डोंगरावर हिंडले तर ओळखीची मंडळी भेटू लागतात. येथला ‘रोंझ’ म्हणजे आपला हिवर, ‘ढाक’ म्हणजे पळस, ‘हिंगोट’ म्हणजे हिंगणबेट. खैर तर नावानेही खैरच. डोंगरउतारावर सर्वांत शोभणारा ‘धौ’ हा आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. तो खडकाच्या फटीत पाय रोवून उभा राहतो व गुरांनी खाल्ला तर जमिनीलगत पसरून तग धरतो. दिल्लीत परदेशी असल्यासारखे वाटत असेल त्या आपल्या मंडळींनी एकदा फाल्गुनात दक्षिण रिजवर जावे. पळस फुललेला दिसला की मुक्कामाचे ठिकाण क्षणभर विसरते.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत डोंगराने बरेच सोसले. फाळणीच्या निर्वासितांना घरे हवी होती. राजेंद्रनगरासारख्या वसाहती त्याच्या अंगाला खेटून उठल्या, आणि त्याला विरोध करणे अमानुष ठरले असते. लष्कराला जागा हवी होती, रस्ते हवे होते, संस्था हव्या होत्या. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १ सप्टेंबर १९६२ पासून दिल्लीचा पहिला बृहद् आराखडा अमलात आला. फोर्ड फाउंडेशनने पाठविलेल्या आल्बर्ट मेयर आदी तज्ज्ञांचे साह्य त्यास होते. शहराभोवती हरित पट्टा, वस्त्यांमध्ये उद्याने, अशी कल्पना त्यात होती. हरित पट्ट्याचे पुढे काय झाले हे रोहिणी-द्वारकेतील रहिवाशांना सांगणे नको.

त्या काळाची रिजविषयीची कल्पना म्हणजे सुंदर उद्यान. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचे स्मारक म्हणून बुद्ध जयंती उद्यान मध्य भागात झाले. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचा शिलान्यास केला. एम. एम. राणा यांनी डोंगराचे चढउतार न मोडता त्याची आखणी केली, हे त्या उद्यानाचे वैशिष्ट्य. शेजारी महावीर जयंती उद्यानही झाले. हिरवळ, पायवाटा, बाके, ओहोळावरचे पूल. निसर्गप्रेमी मंडळी आज अशा उद्यानांना नाके मुरडतात, कारण हिरवळीखाली रान गाडले जाते. त्यांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक नाही. परंतु दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या कारकुनाच्या कुटुंबाला रविवारी डबा घेऊन बसावयास सावलीची जागा याच उद्यानांनी दिली, हेही लिहून ठेवले पाहिजे. कार्तिकात आम्ही व शेजारची चार मराठी कुटुंबे आवळीभोजनासाठी तेथे जात असू. आवळ्याचे झाड शोधण्यात सकाळ जाई; एका वर्षी ते मिळालेच नाही, तेव्हा वहिनींनी पिशवीतून दोन आवळे काढून हिवराच्या बुंध्याशी ठेवले आणि भोजन यथासांग पार पडले. दसऱ्यालाही आपट्याच्या जागी कांचनाची पाने देण्याचा प्रघात आपल्यांत आहेच. परक्या मुलखात आपण झाडांशी अशी तडजोड करतो.

१९७९ साली एक नवीन गोष्ट घडली. रिजवरील झाडे तुटताना पाहून शाळा-महाविद्यालयांतील काही मुलामुलींनी मोर्चा काढला. त्यातून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था जन्मास आली. तिचे एक संस्थापक आशीष कोठारी पुढे पर्यावरणाच्या क्षेत्रात सर्वज्ञात झाले. डोंगर राखावा असे आजवर सुलतानांनी, व्हाइसरॉयांनी व प्राधिकरणांनी ठरविले होते. येथे प्रथमच त्यावरून नित्य चालणाऱ्या नागरिकांनी तो मागितला. पक्षी पाहणारेही होतेच. उषा गांगुली यांचे दिल्लीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले होते. दुर्बीण व वही घेऊन पहाटे हिंडणाऱ्या अशा माणसांनी केलेल्या नोंदी पुढे समित्यांसमोर पुरावा म्हणून कामास आल्या. दिल्लीच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या बृहद् आराखड्यात रिज शक्य तितकी नैसर्गिक राखावी, तिच्यावर देशी झाडे लावावीत आणि कृत्रिम सजावट कमीत कमी करावी असे म्हटले गेले. उद्यानाकडून रानाकडे असा हा पालट आहे.

यानंतरचा भाग कायद्याचा आहे. तो आम्ही आवरता घेतो, पण टाळता येत नाही. लवराज कुमार समितीने १९९३ साली रिजच्या व्यवस्थेविषयी शिफारशी केल्या. २४ मे १९९४ रोजी ७७७७ हेक्टरांची अधिसूचना निघाली ती भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या चौथ्या कलमाखाली. हे कलम म्हणजे सरकारने व्यक्त केलेला इरादा. त्यानंतर मोजणी व्हावयाची, हक्कदारांचे दावे ऐकावयाचे, अतिक्रमणे ठरवावयाची आणि मग विसाव्या कलमाखाली अंतिम अधिसूचना काढावयाची. इरादा व पूर्ती यांमध्ये तीन दशके लोटली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपाने रिज व्यवस्थापन मंडळ आले, जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अंतिम अधिसूचनेसाठी तीन महिन्यांची मुदत दिली, तीही उलटली. लग्नाची सुपारी फुटली आहे, मुहूर्त काढावयाचा आहे, अशी ही अवस्था; आणि मधल्या काळात जे घडावयाचे ते घडत राहते. वसंत कुंजाशेजारचे भव्य मॉल डोंगराच्या जमिनीवर उभे राहिले. अधिसूचित क्षेत्राबाहेर असल्यामुळे २००६ साली न्यायालयाने ते राहू दिले. म्हणजे डोंगर तोच, दगड तोच. कागदावरची रेघ मात्र अलीकडून गेलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण भागात निमलष्करी दलांच्या रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी शेकडो झाडे न्यायालयाच्या परवानगीवाचून तोडली गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यायालयाचा अवमान ठरविला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्यवस्थापन मंडळाला वैधानिक दर्जा देण्याचा आदेशही झाला.

दक्षिण भागाची कथा आणखी गुंतागुंतीची. दिल्लीतील घरांच्या भिंतींत जी लालसर ‘बदरपूर’ रेती आहे, तिच्यातील बरीचशी भाटीच्या खाणींतून निघाली. खाणीत काम करणारे ओड लोक; फाळणीनंतर सिंध-पंजाबकडून आलेली, पिढ्यान्पिढ्या मातीकाम करणारी ही जमात पाहिली की आपल्याकडच्या वडारांची आठवण व्हावी. असोला व भाटी मिळून १९८६ ते १९९१ या काळात अभयारण्य झाले, खाणी बंद पडल्या, आणि ज्यांच्या कुदळीने राजधानी बांधली त्यांची वस्ती वन्यजीवांच्या हद्दीत अतिक्रमण ठरली. अमिता बाविस्कर या समाजशास्त्रज्ञांनी दिल्लीच्या पर्यावरणावरील आपल्या लेखनात हा प्रश्न वारंवार उभा केला आहे: शहरातील सुखवस्तू वर्ग ज्या हिरवाईसाठी न्यायालयात जातो, तिची किंमत कोण मोजतो? आमचे मत त्यांच्याशी सर्वच बाबतीत जुळत नाही. न्यायालये नसती तर आज डोंगरच उरला नसता. पण प्रश्न खोटा नाही. सकाळी फिरावयास आलेल्या आम्हां पेन्शनीच्या उंबरठ्यावरील लोकांना निसर्गाचा अधिकार आहे, आणि सरपणाची मोळी नेणाऱ्या बाईला तो नाही, याचे समर्थन कोणत्या कलमाखाली करावे हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

समाधानाची गोष्ट अशी की, मोडलेले रान पुन्हा उभे करता येते हे दिल्लीने दाखविले आहे. प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी विकास प्राधिकरणाच्या साह्याने २००२ च्या सुमारास यमुनेकाठी, आणि पुढे वसंत विहाराजवळ जुन्या खाणींच्या खड्ड्यांत, जैवविविधता उद्याने उभारण्यास आरंभ केला. अरवलीच्या उद्यानात त्यांनी विलायती कीकर मुळासकट उपटण्याचा आततायीपणा केला नाही. त्याच्या फांद्या छाटून वरून ऊन आत सोडले, खाली धौ, पळस, खैर, सालई यांची रोपे लावली. ती वाढली तसा कीकर आपोआप मागे हटला. खाणीच्या खड्ड्यांत नेचे आणि ऑर्किड यांच्यासाठी थंड, ओल्या जागा केल्या. शंभर वर्षांपूर्वी डोंगर हिरवा करावयाचा म्हणजे एकच झाड सर्वत्र पेरावयाचे, अशी समजूत होती. येथे गवत, झुडूप, वेल, वृक्ष असा सबंध संसार मांडला गेला. पक्षी परतले, फुलपाखरे परतली. असोल्याच्या रानात तर अलीकडच्या वर्षांत कॅमेऱ्यांनी बिबटेही टिपले आहेत.

रोपे कोठून आणावयाची आणि मूळचे रान कसे दिसत होते हे कसे जाणावयाचे, हा प्रश्न या शास्त्रज्ञांपुढेही होता. त्याचे एक उत्तर दिल्लीच्या हद्दीपलीकडे, गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यालगत मिळते. तेथे डोंगराच्या घळीत मांगर बनी नावाचे रान आहे. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर देवराई. गुदडिया दास नावाच्या साधूबाबांचे ते स्थान; त्यातील फांदी तोडणाऱ्याचे वाटोळे होते अशी मांगर, बंधवाडी व बालियावास या गावांची श्रद्धा. तेथे कुऱ्हाड चालत नाही. सभोवती विलायती कीकराचे राज्य असताना त्या घळीत धौचे निर्भेळ रान टिकले आहे, आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्याची पाने तांबूस होतात तेव्हा संपूर्ण उतार तांब्याच्या घंगाळासारखा दिसतो. ही गावे गुजरांची. ज्यांच्या गुरांनी डोंगर बोडका केला असे सरकारी कागद पन्नास वर्षे लिहीत राहिले, तेच हे गुजर. २०१६ साली हरियाणा शासनाने मांगर बनीच्या ६७७ एकरांवर व भोवतीच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली. तोपर्यंत ते रान कोणत्याही अधिसूचनेवाचून उभे होते.